फ्लूची लक्षणे दिसल्यावर घरी काय करावे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे?

जुईचा मांडव (पुणे)

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात ओळीने चौघांना फ्लू झाला. आधी पाचवीतल्या मुलाला, मग मला, नंतर यजमानांना आणि सर्वांत शेवटी सासूबाईंना. आम्ही तिघे पाच-सहा दिवसांत उठून कामाला लागलो. सासूबाईंना मात्र नऊ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांचे वय ७२ असून मधुमेह १५ वर्षांपासूनचा आहे. आता त्या घरी आहेत, सकाळी तुळशीपर्यंत चालतात, दोन्ही वेळा नीट जेवतात. तरीही त्यांच्या आजारपणातले पहिले दोन दिवस आमच्या हातून वाया गेले, ही बोच काही जात नाही. दुसऱ्या कुणाच्या घरी असे होऊ नये म्हणून घडले तसे लिहीत आहे. माझे कुठे चुकत असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावे.

मुलाला पहिल्याच रात्री १०३ ताप चढला, हुडहुडी भरली, अंग ठणकू लागले. साहजिकच सगळे घर त्याच्याभोवती होते. सासूबाईंचा ताप ९९.५ च्या पुढे गेलाच नाही. त्यांचे जेवण तेवढे कमी झाले आणि त्या दिवसभर पडून राहू लागल्या. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमारास त्यांनी मला "आज वार कोणता?" असे अर्ध्या तासात तीनदा विचारले, तेव्हा अशक्तपणामुळे होत असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. एका दवाखान्यात फोनवर विचारले, तर "सगळीकडे व्हायरलची साथ आहे, घरात अँटिबायोटिक उरली असेल तर ती सुरू करा" असे सांगण्यात आले आणि आम्हीही निमूटपणे तसेच केले. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून पलंगापर्यंत आल्यावर त्यांना एक वाक्य सलग बोलता येईना. करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून शोधून बोटाला लावला, तर तो ८८ दाखवत होता. साखर ३४० होती.

वय झालेल्या माणसांना फ्लूमध्ये मोठा ताप येईलच असे नसते, हे मला रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून प्रथमच कळले. भूक मरणे, गोंधळल्यासारखे बोलणे, तोल जाऊन पडणे, साखर एकाएकी वाढणे, हीच त्यांची लक्षणे असू शकतात. आम्ही मुलाला लावलेली फूटपट्टी आजीला लावली, ही आमची चूक झाली.

आता घरात कुणालाही ताप आला की एका जुन्या शंभर पानी वहीचे नवे पान उघडते. त्यावर लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, ताप किती, कोणती गोळी किती वाजता, पाणी किती प्याले, लघवी किती वेळा झाली, असे सारे लिहिते. सासूबाई असतील तर साखरही लिहिते. रुग्णालयात पहिला प्रश्न "लक्षणे नेमकी कधी सुरू झाली?" हा होता आणि आम्हा दोघांची उत्तरे एका दिवसाने वेगळी आली होती.

माझे प्रश्न असे आहेत: साधी सर्दी आणि फ्लू यांत फरक कसा ओळखावा, स्वाइन फ्लूची चाचणी प्रत्येकाने करावी का, आणि फ्लूवरचे औषध नेमके कुणी आणि केव्हा घ्यावे?

खेडेगावचा डॉक्टर (सातारा जिल्हा)

जुईताई, आपण हे इतक्या स्वच्छपणे लिहिलेत ते फार चांगले केलेत. मी २६ वर्षे तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. दर पावसाळ्यात जे पाहतो त्याच्या आधारे उत्तर देतो.

सर्दी हळूहळू येते: आधी घसा खवखवतो, मग नाक वाहते, माणूस कुरकुरत का होईना कामावर जातो. फ्लू बहुधा एकदम गाठतो. सकाळी शेतावर गेलेला माणूस दुपारी ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आणि हाडे मोडल्यासारखे दुखणे घेऊन परत येतो, आणि कितीला अंथरूण धरले तेही त्याला सांगता येते. ही ढोबळ ओळख झाली. प्रत्येक वेळी ती तंतोतंत लागू पडेल असे नाही.

चाचणीबद्दल बोलायचे तर २००९ चे पुणे आठवावे लागेल. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि नंतरच्या काही दिवसांत नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांच्या रांगा लागल्या. साधी सर्दी असलेले आणि खरोखर फ्लू झालेले लोक तासन्‌तास एकाच रांगेत उभे होते. चाचणी सर्वांची करण्यापेक्षा रुग्णांची वर्गवारी करणे महत्त्वाचे, ही गोष्ट त्या साथीत सर्वांनाच पटली. आरोग्य खात्याची वर्गवारी तेव्हापासून आजतागायत साधारण तशीच आहे. सौम्य ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी एवढेच असेल तर तो 'अ' गट: चाचणी नको, फ्लूचे खास औषध नको, घरी विश्रांती घ्यावी आणि २४ ते ४८ तासांनी डॉक्टरांनी पुन्हा विचारपूस करावी. तीव्र ताप आणि घशाला जास्त त्रास असेल, किंवा लक्षणे सौम्य असली तरी रुग्ण जोखमीचा असेल, तर तो 'ब' गट. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, ६५ च्या पुढचे लोक, आणि मधुमेह, दमा, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार, कर्करोग असलेले किंवा प्रतिकारशक्ती दबलेले रुग्ण हे सारे जोखमीचे. धाप, छातीत दुखणे, ग्लानी, रक्तदाब उतरणे, थुंकीत रक्त, नखे निळसर पडणे यांपैकी काहीही दिसले तर तो 'क' गट: ताबडतोब रुग्णालय, आणि चाचणी तेथेच.

आपल्या सासूबाई पहिल्या तासापासून 'ब' गटात होत्या. ताप ९९.५ असो की १०३, त्यांचे वय आणि मधुमेह यांमुळे त्या दिवशीच डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवायला हवे होते. हे आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. फोनवर सल्ला देणाऱ्यानेच ते विचारायला हवे होते.

फ्लूवरचे औषध म्हणजे ओसेल्टामिव्हिर. लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिले तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो, म्हणून जोखमीच्या रुग्णाला चाचणीच्या निकालासाठी थांबवू नये. रुग्ण गंभीर असेल तर ४८ तास उलटून गेल्यावरही ते देतात. प्रौढांना साधारणपणे ७५ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा कमी करावी लागते आणि मुलांना वजनाप्रमाणे देतात. गरोदरपणातही ते देता येते आणि द्यावे. आपल्या वहीतली तारीख आणि वेळ डॉक्टरांच्या किती कामी येते, ते यावरून लक्षात येईल.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकांना दोनदा सांगतो. फ्लूचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला पुढे दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो आणि त्याला घाबरू नये. परंतु ताप उतरून माणूस बरा झाला असे वाटत असताना एक-दोन दिवसांनी तो पुन्हा चढला, खोकला वाढला आणि पिवळा-हिरवा बेडका पडू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फ्लूने थकवलेल्या फुप्फुसात जिवाणूंचा न्यूमोनिया असाच शिरतो, आणि अँटिबायोटिकची खरी गरज तेव्हा असते. फ्लूच्या विषाणूवर तिचा काडीचाही परिणाम होत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराची साथ होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांनाच उद्देशून पत्रक काढून तापा-खोकल्यावर सरसकट अँटिबायोटिक देऊ नका, असे सांगितले होते. घरात उरलेली अँटिबायोटिक हा तर मुळातच चुकीचा प्रकार आहे. अर्धवट सोडलेला कोर्स आणि दुसऱ्याच्या आजारासाठी आणलेली गोळी कपाटात ठेवूच नये.

पाळणाघर (ठाणे)

माझी मुलगी दहा महिन्यांची आहे आणि कालपासून तिला ताप व खोकला आहे. डॉक्टरांना दाखवून आणले, त्यांनी पॅरासिटामॉलचे औषध दिले आणि "श्वासाकडे लक्ष ठेवा" असे सांगितले. परंतु लक्ष ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे घाईत विचारायचे राहून गेले. कुणी सांगू शकेल का?

पांढरी टोपी (बालरुग्ण विभागातील परिचारिका, नाशिक)

बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, झबले छातीच्या वर सरकवून पोट आणि छाती दोन्ही दिसतील असे ठेवा. सेकंदकाटा असलेले घड्याळ किंवा मोबाइल शेजारी ठेवा आणि पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक, असे पूर्ण ६० सेकंद मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण तान्ह्या बाळांचा श्वास मध्येच रेंगाळतो आणि मध्येच भराभर चालतो. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक, आणि दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक आकडा आला तर तो वेगवान श्वास समजायचा. ताप असताना आकडा थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा एकदा मोजून पाहा; तरीही तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आकडा काहीही असला तरी श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, अंगावर पीत नसेल, हाक मारल्यावर डोळे उघडत नसेल किंवा झटका आला, तर मोजत बसू नका, तडक रुग्णालयात न्या. १०८ ला फोन केल्यास रुग्णवाहिका विनामूल्य येते. सहा-आठ तासांत लंगोट ओला झाला नसेल तर तेही लगेच कळवण्यासारखे आहे.

मध एक वर्षाच्या आत चाटवू नये, एवढेही येथेच सांगते. पावसाळ्यात आज्या प्रेमाने मध आणि सितोपलादी चाटवतात, पण मधातून एक गंभीर जिवाणूजन्य आजार तान्ह्या बाळाला होऊ शकतो. वर्षानंतर मात्र झोपण्यापूर्वी अर्धा-एक चमचा मध खोकल्याला खरोखर आराम देतो.

पाळणाघर (ठाणे)

ताई, आत्ताच मोजले. ४२ भरले, बरगड्या ओढल्या जात नाहीत आणि अंगावर नीट पीत आहे. मनापासून आभार.

औषधी दुकान (सांगली)

मी गेली १८ वर्षे औषध विक्रेता आहे. काउंटरवर रोज दिसणारी चूक सांगतो. माणूस ६५० ची पॅरासिटामॉल घेऊन जातो, आणि त्याबरोबर सर्दीची एक एकत्रित गोळीही मागतो. त्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, हे पाकिटावर बारीक अक्षरात छापलेले असते आणि कुणी वाचत नाही. दोन्ही दिवसातून चार-चार वेळा घेतल्या तर नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते आणि ती यकृताला घातक ठरू शकते. प्रौढाने सर्व औषधे मिळून २४ तासांत चार ग्रॅमच्या वर जाऊ नये. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा नियमित मद्यपान असेल तर मर्यादा त्याहूनही खाली असते. दोन मात्रांमध्ये किमान चार तास, शक्यतो सहा तास जाऊ द्यावेत.

मुलांच्या बाबतीत मी ठामपणे नकार देतो. ताप असलेल्या मुलाला अॅस्पिरिन कधीही देऊ नये, कारण फ्लूमध्ये त्यामुळे मेंदू आणि यकृताला इजा करणारा विकार होऊ शकतो. सर्दीच्या सिरपमधले क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाकिटावर छापायला लावला आहे. पॅरासिटामॉलचे सिरप वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते, तेव्हा मागच्या वेळी एक चमचा दिला होता म्हणून याही वेळी एक चमचा, असे करू नये. मुलाचे आजचे वजन सांगून डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये मात्रा लिहून घ्यावी.

ओसेल्टामिव्हिर चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मिळू नये.

भाताचे खाचर (रत्नागिरी)

वरील सर्व माहिती उपयोगाची आहे, परंतु आम्हा कोकणवासीयांच्या दृष्टीने एक मोठी भर घालावीशी वाटते. पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लूचा नसतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाला लावणीच्या हंगामात जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली. फ्लू समजून चार दिवस काढे आणि गोळ्यांवर काढले. त्याला ना सर्दी होती ना खोकला, पण पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देत नव्हता, आणि डोळे लालबुंद झाले होते. तपासणीत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर-जनावरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा जिवाणूंचा ताप) निघाला. दिवसभर चिखलात उभा राहणारा माणूस, पायाला कोयत्याची ताजी जखम. डॉक्टरांनी विचारल्यावर आम्हाला ती आठवली. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर हाच आजार मोठ्या प्रमाणावर पसरला होता, तेव्हा गुडघाभर पाण्यातून चाललेल्या शहरी माणसानेही ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी.

खेडेगावचा डॉक्टर (सातारा जिल्हा)

अत्यंत महत्त्वाची भर. सर्दी-खोकला मुळीच नसलेला ताप पावसाळ्यात फ्लू म्हणून सोडून देऊ नये. डेंगी, मलेरिया आणि लेप्टो यांचा विचार करून रक्त तपासावे. डेंगीत डोळ्यांच्या मागे दुखते, पुढे अंगावर पुरळ येऊ शकते. फ्लूमध्ये ताप उतरला की आपण सुटकेचा श्वास टाकतो, डेंगीत मात्र ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात: पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे यांकडे तेव्हा डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. याच कारणासाठी निदान होईपर्यंत तापावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन घेऊ नये, पॅरासिटामॉलच घ्यावे.

चुलीवरचा काढा (कोल्हापूर)

माझे वय ६८ आहे. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गवती चहा, आले, तुळस यांचा काढा, निलगिरीची वाफ आणि मेतकूट-भात यांवरच ताप काढले जातात. वाचताना असे वाटले की या सगळ्याला आता काही किंमतच उरलेली नाही. तसे असेल तर वाईट वाटते.

पांढरी टोपी (नाशिक)

काका, किंमत नक्कीच आहे. तापात अंगातले पाणी भराभर कमी होते आणि तोंडाला चव नसते, अशा वेळी गरम काढा, मुगाचे कढण, मऊ भात आणि मेतकूट यांच्यामुळे रुग्णाच्या पोटात काही तरी जाते. मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी घसा हलका होतो. काढ्याने विषाणू मरत नाही, आणि काढा चालू आहे म्हणून डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलले जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे. मधुमेही माणसाच्या काढ्यात गूळ घालू नये.

वाफेबद्दल मात्र मी कळकळीने सांगते. उकळत्या पाण्याचे पातेले मांडीजवळ ठेवून त्यावर चादर घेतलेली मुले भाजून आमच्या वॉर्डात येतात. पातेले कलंडायला एक क्षण पुरतो आणि मांड्यांची कातडी सोलून निघते. लहान मुलांना अशी वाफ देऊच नये. नाक चोंदले असेल तर सलाइनचे थेंब पुरेसे होतात.

चुलीवरचा काढा (कोल्हापूर)

पटले. नातवाला परवाच वाफ दिली होती. यापुढे देणार नाही.

दुसरी पाळी (चाकण)

घरी राहा असे सर्व जण सांगतात, परंतु रोजंदारीवर असलेल्या माणसाची हजेरी बुडते. नेमके किती दिवस घरी राहणे आवश्यक आहे?

खेडेगावचा डॉक्टर (सातारा जिल्हा)

आपला प्रश्न रास्त आहे. लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे साधारण पाच ते सात दिवस माणूस इतरांना लागण देऊ शकतो, आणि त्यातले पहिले तीन-चार दिवस सर्वांत जास्त. किमान नियम असा की पॅरासिटामॉल न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही आणि एकंदर बरे वाटू लागले, तरच कामावर जावे. गोळी घेऊन ताप दाबून पाळीवर गेलात तर तो दिवस मोजायचा नाही. त्यानंतरही चार-पाच दिवस मास्क लावावा आणि कंपनीच्या बसमध्ये खिडकी उघडी ठेवावी. घरी एकच खोली असेल तर रुग्णाचे अंथरूण खिडकीजवळ घ्यावे आणि घरातल्या वृद्धांना व तान्ह्या बाळांना शक्य तितके लांब ठेवावे. भांडी साबणाने नेहमीसारखी धुतली की पुरे.

जुईचा मांडव (पुणे)

याच्याशी संबंधित एक गोष्ट लिहिते. आमच्याकडे धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशी त्या आठवड्यात तापाने फणफणलेल्या असताना दोन दिवस कामावर आल्या होत्या, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात असा त्यांचा इतर घरांचा अनुभव होता. आम्ही त्यांना पगारी सुट्टी मिळेल असे आधी कधी स्पष्ट सांगितलेच नव्हते. आता सांगितले आहे: ताप आला की फोन करायचा, यायचे नाही, पैसे कापले जाणार नाहीत. आमच्या इमारतीत आणखी चार घरांनी हे मान्य केले आहे.

डॉक्टर, शेवटचा प्रश्न. सासूबाईंना आता फ्लूची लस द्यावी का? एकदा फ्लू होऊन गेल्यावर तिचा उपयोग आहे का?

खेडेगावचा डॉक्टर (सातारा जिल्हा)

होय, द्यावी. त्यांना ज्या प्रकाराचा फ्लू झाला तो सोडून लसीतले इतर प्रकार त्यांना होऊ शकतात. विषाणू दर वर्षी रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते प्रकार असावेत ते ठरवते आणि लसही दर वर्षी घ्यावी लागते. परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि महाराष्ट्रात पावसाळ्यात रुग्ण वाढतात, तेव्हा पावसाळ्याआधी घेतलेली उत्तम. या वर्षी मात्र त्यांना पूर्ण बरे वाटू लागले की लगेच घेतली तरी चालेल, कारण हिवाळ्याच्या शेवटीही एक साथ येते. मुलाचे वय नऊच्या पुढे असल्यास एकच मात्रा पुरते. न्यूमोकोकल न्यूमोनियाची लस वेगळी असते. सासूबाईंसाठी तिच्याबद्दलही आपल्या डॉक्टरांना विचारा.

लसीनंतर एक-दोन दिवस हात दुखला किंवा अंगात कणकण आली तर तो फ्लू नव्हे. तेही वहीत लिहून ठेवा, आणि लसीचे नाव व तारीख त्याच पानावर असू द्या.

जुईचा मांडव (पुणे)

सोमवारी घेऊन जात आहे. पान आत्ताच उघडले.